घशाची झीज

सोलापूरजवळच्या कुंभारीत विडी वळणाऱ्या स्त्रिया टेंभुर्णीचे पान पत्र्याच्या साच्याबरहुकूम कापतात. पान दर वेळी निराळे, साचा तोच. मापन म्हटले की आमच्या मनात हेच चित्र असते. रायफलीची काडतुसे हाताने भरण्याचा जो छंद विशेषतः अमेरिकेत रुजला आहे, त्यातले मापन मात्र या चित्रात बसत नाही.

पितळी कवचात गोळी किती खोल बसवावी, हे ही मंडळी इंचाच्या हजाराव्या भागापर्यंत ठरवतात. बार उडाल्यावर नळीतले पीळदार उंचवटे गोळीला पकडतात. त्याआधी ती किती मोकळी धावते, यावर नेमाची अचूकता काही अंशी अवलंबून असते. हे अंतर डोळ्यांना दिसत नाही. म्हणून रिकाम्या कवचात सैलसर धरलेली गोळी नळीत सरकवायची, उंचवट्यांना टेकली की अलगद बाहेर काढून कॅलिपरने लांबी घ्यायची. तीही टोकापर्यंत नव्हे, कारण टोके सारखी नसतात. गोळीच्या बाकावरील ठरावीक जाडीपर्यंत.

पण उंचवटे जेथे सुरू होतात तो भाग (त्याला इंग्रजीतही घसाच म्हणतात) प्रत्येक बाराच्या तप्त वायूंनी किंचित झिजतो आणि पुढे सरकतो. वहीतला आकडा त्या दिवसापुरता खरा. पुढे तो वाढला, तर झिजले कोण? नवी गोळी दुसऱ्या लॉटमधली असेल तर तिचा बाकच वेगळा असू शकतो. म्हणून जाणकार एक गोळी कधीच न झाडता जपून ठेवतात व दर खेपेस तिनेच मोजतात.

आम्हांस या न झाडलेल्या गोळीचा हेवा वाटतो. एकनाथांनी १५८४ साली ज्ञानेश्वरीचे पाठ शुद्ध केले. मूळ शब्द कोठे सरकला हे ठरवू पाहणाऱ्या पाठचिकित्सकाकडे खुद्द ज्ञानदेवकालीन प्रत नाही. त्याच्या हाती येतात त्या सगळ्या वापरलेल्या प्रती.

कोल्हापूर जिल्ह्यातील कांबळवाडीच्या स्वप्नील कुसाळे यांनी २०२४ साली पॅरिसला ज्या प्रकारात कांस्यपदक मिळवले, त्या ५० मीटर रायफलीत ही सोयही नाही. पॉइंट टू टूच्या काडतुसाचा स्फोटक मसाला कवचाच्या कडेतच असतो. ते घरी पुन्हा भरता येत नाही. मग असे नेमबाज निरनिराळे लॉट आपल्याच नळीतून झाडून पाहतात, ज्याची छिद्रे सर्वांत जवळ पडतील तो साठवून ठेवतात, आणि तो संपला की पुन्हा शोध सुरू करतात.