व्हॅनवाल्या काकांनी गाडी विकली

गेल्या जूनमध्ये व्हॅनवाल्या काकांनी गाडी विकली आणि आमची पंचाईत झाली. लेक तिसरीत, शाळा घरापासून सव्वा किलोमीटर. पुण्यात रोज दोन वेळा रिक्षा परवडेना. म्हटलं, दुसरी व्हॅन मिळेपर्यंत चालू.

पहिल्या दिवशी तिने तीनदा विचारलं, "आई, अजून किती?" आधी मला राग आला, मग लाज वाटली. आठ वर्षांच्या मुलीला एवढंसं अंतर जड जातंय. लिफ्ट, व्हॅन, सोफा ही सवय आम्हीच लावलेली.

पीटीचा तास तिला नकोसा वाटतो. धावताना ती कायम शेवटची, पोरं हसतात. मीही तशीच होते. पीटीच्या दिवशी माझं पोट दुखायचं, खरंच दुखायचं. व्यायाम म्हणजे सगळ्यांसमोर मागे पडणं, हे जे डोक्यात बसलं ते पस्तिशीपर्यंत निघालं नाही. तिचं तसं होऊ नये एवढंच मला वाटत होतं.

जागतिक आरोग्य संघटना म्हणते, ५ ते १७ वर्षांच्या मुलांनी रोज सरासरी ६० मिनिटं तरी दम लागेल अशी हालचाल करावी. आकडा ऐकून दडपण येतं, पण झपझप चालणंही त्यात धरतात. खूण सोपी आहे: बोलता यावं, पण गाता येऊ नये. हे सांगितल्यापासून लेक वाटेत गाऊन बघते. सूर तुटला की खूश! जाऊन-येऊन आमची पस्तीस मिनिटं तर झाली.

आरटीईच्या नियमांत पहिली ते पाचवीची शाळा एक किलोमीटरच्या आत, चालत जाण्याच्या अंतरावर असावी असं आहे. (आम्ही पाव किलोमीटरने नापास.) पण चालायचं कुठून? आमच्या फूटपाथवर आधी बाइका, मग भेळेची गाडी, मग उखडलेले ब्लॉक, आणि पुढे फूटपाथच नाही. जपानमध्ये बऱ्याच ठिकाणी प्राथमिक शाळेतली मुलं गल्लीतल्या मुलांबरोबर, मोठ्यांच्या मागे रांगेने चालत शाळेत जातात. इथे चौकात मी हात इतका घट्ट धरते की ती म्हणते, "आई, दुखतंय."

ऑगस्टमध्ये नवी व्हॅन मिळाली. ती म्हणाली, "फक्त पावसात."

पीटीत ती अजूनही शेवटचीच येते. आता शेजारच्या इमारतीतली दोघं आमच्याबरोबर असतात. तिघं पुढे, मी दहा पावलं मागे. चौक आला की मात्र मी धावते.