पन्नास लिटरचं पातेलं

आमच्या घरात सध्या एकच राष्ट्रीय प्रश्न आहे: बिअर शिजवायचं भांडं आहे तेच ठेवायचं, की पन्नास लिटरचं घ्यायचं?

हसू नका मंडळी! न्युरेम्बर्गमध्ये बिअर ही गंभीर बाब आहे. बिअर गाळून विकायची तर स्वतःचं तळघर हवं, असा इथल्या नगरपरिषदेचा १३८० सालचा नियम होता. त्यातून गावाखालच्या वालुकाश्मात तळघरांचं जाळंच तयार झालं. दुसऱ्या महायुद्धात लोक बॉम्बहल्ल्यांपासून तिथेच लपले.

घरी बिअर करायलाही इथे परवानगी आहे. कस्टम्सला आधी कळवायचं, स्वतःपुरती करायची, विकायची नाही. पूर्वी वर्षाला २०० लिटरपर्यंत कर नव्हता. १ जानेवारी २०२४ पासून मर्यादा ५०० लिटर झाली आणि माझ्या डोक्यात किडा शिरला.

सध्याचं भांडं २७ लिटरचं, विजेवरचं. जर्मन आज्या त्यात फळांच्या बरण्या उकळतात. दिसायला आपल्या बंबाचं धाकटं भावंड. नाचणीसत्त्वाला करतो तसं मोड आणून वाळवलेलं सातू भरडून गरम पाण्यात ठेवायचं, गाळायचं आणि तो गोड रस हॉप्स घालून तासभर उकळायचा. कोल्हापूरकडच्या गुऱ्हाळात काहिलीतला रस फसफसून वर येतो ना, तस्साच हाही येतो! तिथे भेंडीचा चीक घालून मळी काढतात, इथे मी झारा घेऊन उभा. म्हणून २७ लिटरच्या भांड्यात बिअर मात्र वीसच लिटर.

आता थोडं गणित. वीस लिटर पाणी २० अंशांवरून उकळीला आणायला सुमारे ६.७ मेगाज्यूल, म्हणजे १८०० वॅटवर तासभर. चाळीस लिटरला दोन तासांच्या वर. घरातलं सॉकेट २३० व्होल्ट, १६ अँपियरचं, तेव्हा ३५०० वॅटचं भांडं चालेल आणि वेळ पुन्हा तासावर येईल. पण चाळीस किलो उकळता रस उचलणार कोण? खाली तोटी हवीच. झाकण उघडं ठेवायचं, म्हणजे काही लिटर वाफ भाड्याच्या स्वयंपाकघरात. भिंतीला बुरशी आली की घरमालक आहेतच!

हे सगळं मी उत्साहाने समजावत होतो. बायकोने एकच विचारलं, "परत जाताना ह्याचं काय करायचं?"

पीएच.डी.नंतर दोनच वर्षं म्हणून राहिलो, त्याला आता आठ होतील. सोफा, कपाट, सायकली, सगळं "जाताना विकून टाकू" म्हणत घेतलेलं. पुण्यात परवान्याशिवाय बिअर करणं हा गुन्हा, तेव्हा हे धूड तिकडे नेऊन काय, मंडळाच्या आमटीला द्यायचं? पन्नास लिटरचं भांडं घेणं म्हणजे इथेच राहायचं ठरवणं.

मग मी वही काढली. गेल्या वर्षी सहा वेळा मिळून १२० लिटर बिअर झाली. मोठ्या भांड्यात ती तीन वेळांत झाली असती, म्हणजे तीन शनिवार वाचले असते. पण शनिवारी भांडं चढलं की शेजारचे आजोबा खुर्ची घेऊन येतात, ऑफिसातले दोघं येतात, पोहे होतात. ते शनिवार वाचवून करायचं काय?

तेव्हा २७ लिटरचंच राहणार. निर्णय जाहीर केला.

"हा हिशोब बरोबर," बायको म्हणाली, "आता दुसरा कर."

पुढच्या वर्षी आईला सत्तरावं लागेल. तो हिशोब मेगाज्यूलमध्ये मांडता येत नाही.