चोराची खरेदी

पाकीट मारले जाण्याचे दुःख मला नवीन नाही. विद्यार्थिदशेपासून माझी तीन पाकिटे गेली, आणि त्या तिन्ही चोरांविषयी मला आज एक अक्षरही सांगता येणार नाही. माझ्या नोटा घेऊन ते गर्दीत विरून गेले. नोटेवर मालकाचे नाव नसते, तसे चोराचेही नसते.

गेल्या दिवाळीत गेलेल्या चौथ्या पाकिटाची गोष्ट मात्र निराळी आहे.

वसुबारसेच्या संध्याकाळी पुण्याच्या लक्ष्मी रस्त्यावर मी पणत्यांचा भाव करीत होतो. खिशातला मोबाईल कुरकुरला. माझ्या क्रेडिट कार्डावर २,१९९ रुपयांची खरेदी झाली होती, दुकान बुटांचे. बँकेची काहीतरी चूक असेल असे म्हणून मी पुन्हा पणत्यांकडे वळलो. दहा मिनिटांनी दुसरा निरोप : ६४० रुपये, मिठाईचे दुकान. तेव्हा मी घरी फोन करून विचारले, "तू मिठाई घेतलीस का?"

"अहो, कार्ड तुमच्या खिशात, आणि मिठाई मी कशी घेईन?" सौभाग्यवती म्हणाली.

मग कुठे माझा हात मागच्या खिशाकडे गेला. खिसा रिकामा होता. बँकेला फोन लागून कार्ड बंद होईपर्यंत तिसरा निरोप आलाच : १,४५० रुपये, लहान मुलांचे कपडे. एकूण ४,२८९. पाच हजारांच्या आतील खरेदीला, जानेवारी २०२१ पासून, कार्ड यंत्राला नुसते टेकवले तरी चालते. गुप्त क्रमांक लागत नाही. ही सोय मला फार आवडे. ती चोरालाही आवडली असावी.

रात्री ते तीन निरोप वाचून सौभाग्यवती म्हणाली, "बूट, मिठाई, लहानग्याचे कपडे. अहो, ही तर आपलीच यादी!" मी हसलो नाही. पूर्वीच्या चोरांनी माझ्या पैशांचे काय केले ते मला कधी कळले नव्हते. या चोराची दिवाळी माझ्या हातातल्या मोबाईलवर लिहिलेली होती.

आठवड्याने पोलीस ठाण्यातून बोलावणे आले. चोर सापडला होता.

"इतक्या लवकर?" मी विचारले.

"सर, नोट मुकी असते, कार्ड बोलतं," फौजदारसाहेब म्हणाले. कोणत्या दुकानातल्या कोणत्या यंत्राला कार्ड किती वाजता टेकले, हे बँकेच्या दप्तरी नोंदलेले असते. ती वेळ धरून दुकानातल्या सीसीटीव्हीचे चित्रण पाहिले की माणूस दिसतो. आमच्या चोराने तर त्याहून सोपे करून ठेवले होते. बूट घेताना दुकानदाराने सवयीप्रमाणे मोबाईल नंबर विचारला; पुढच्या खरेदीवर सवलत मिळते म्हणून. याने स्वतःचा नंबर दिला!

मला हसू आवरेना. पण दाराबाहेरच्या बाकाकडे नजर गेली आणि ते ओठांतच राहिले. वीस-एकवीस वर्षांचा पोरगा. माझ्या वर्गात शेवटच्या बाकावर असे चार-पाच तरी बसतात. नवे बूट मुद्देमाल म्हणून टेबलावर होते; तो अनवाणी होता.

"काय होईल याचं?"

साहेबांनी बोटे मोडीत सांगितले. पाकीट मारले ती चोरी. भारतीय न्याय संहितेचे कलम ३०३, तीन वर्षांपर्यंत कैद किंवा दंड किंवा दोन्ही. पहिलाच गुन्हा असेल, माल पाच हजारांच्या आतला असेल आणि तो परत केला, तर समाजसेवेची शिक्षा आहे. मी मनातल्या मनात ४,२८९ चा आकडा आठवून सुस्कारा सोडला.

"थांबा सर. पाकीट मारणं वेगळं आणि तुमचं कार्ड स्वतःचं म्हणून वापरणं वेगळं. ती फसवणूक. कलम ३१८, पोटकलम चार : सात वर्षांपर्यंत. शिवाय २००० सालचा माहिती तंत्रज्ञान कायदा, ६६-सी. दुसऱ्याची ओळख वापरली म्हणून तीन वर्षांपर्यंत कैद आणि लाखापर्यंत दंड. किती द्यायची ते कोर्ट ठरवील."

फसवणुकीचे हे कलम म्हणजे आपले जुने चारशेवीस. १८६० च्या दंडसंहितेतले ते कलम १ जुलै २०२४ पासून गेले. भाषेतला 'चारशेवीस' मात्र अजून जागेवर आहे. एरवी यावर मी वर्गात दहा मिनिटे बोललो असतो.

जबाब लिहून झाला. शेवटी होते : 'सदर इसमाने एकूण ४,२८९ रुपयांची खरेदी करून फसवणूक केली.' मी म्हणालो, "तिन्ही खरेद्या वेगवेगळ्या लिहाल का?"

"कशाला सर? बेरीज बरोबर आहे."

"बेरीज बरोबर आहे, वाक्य अपुरं आहे."

त्यांनी माझ्याकडे जरा पाहिले आणि लिहिले : बूट, मिठाई, लहान मुलांचे कपडे. त्याने कलमे बदलणार नव्हती. मला ती बदलून नकोही होती. चोरी ती चोरीच.

घरी येऊन सगळी हकिगत सांगितली. सौभाग्यवतीने शांतपणे ऐकले आणि विचारले, "मग ते कपडे कुणासाठी होते हो?"

तेवढे विचारायचे राहूनच गेले होते.