वाळत चाललेला नाग

सिद्धेश्वराच्या तळ्याकाठी बसणाऱ्या एका म्हाताऱ्या गारुड्याचा नाग रोडावत चालला होता. "मास्तर, रोज दूध पाजतो, तरी अंग धरीत नाही. कुणाची दृष्ट लागली असंल," तो म्हणाला.

दृष्टीतले मला कळत नाही. टोपलीत मात्र दिसले ते असे : कणा दोरीसारखा वर आलेला, कातडी कुशीला सैल लोंबलेली. धडधाकट नागाचे अंग गोल, भरीव असते. उपासाला तो भीत नाही. आठवडेच्या आठवडे न खाता राहतो आणि फारसा उतरत नाही. म्हणूनच असा भराभर वाळला, की पोटातले जंत, तोंडातली जखम, नाही तर तहान शोधावी. इथे जखम होतीच. दात उपटलेले होते. दूध तर नागाचे अन्नच नव्हे. तहानेने कासावीस झाला म्हणजे तो पितो, पण ते त्याला पचत नाही. त्याला उंदीर, बेडूक हवेत, स्वच्छ पाणी हवे. आणि ऊब हवी, कारण अंग गार पडले तर गिळलेले पोटात सडते.

"वनखात्याच्या हवाली कर," मी म्हटले. १९७२च्या वन्यजीव कायद्याखाली नाग बाळगणे गुन्हा आहे. सांगलीकडच्या बत्तीस शिराळ्यात पंचमीला जिवंत नागांची मिरवणूक निघे, तिलाही २०१४ साली मुंबई उच्च न्यायालयाने मनाई केली.

"मग मी काय खाऊ?" म्हणत त्याने टोपली काखोटीला मारली.

दुसऱ्या दिवशी मात्र आपणहून दारात उभा. "मास्तर, ती माणसं याला फुकट बरा करतील ना?"