पहिल्यापासून

मागच्या वर्षी, एस.ई.ला असताना, वर्कशॉपमध्ये माझ्या हातून एक गोष्ट होता होता राहिली. बॅचमधल्या तिघा-चौघांशिवाय कुणाला माहीत नाही. आज सांगूनच टाकते.

प्रॅक्टिकलचा शेवटचा अर्धा तास. लेथवर जॉब लावून चक-कीने आवळत होते, तेवढ्यात एप्रनच्या खिशात मोबाइल थरथरला. मेसेज बघितला, फोन ठेवला. फार तर दहा सेकंद! आणि हात सरळ स्टार्टच्या लिव्हरकडे गेला. चक-की चकमध्येच होती. "ए पोरी, थांब!" वर्कशॉपचे मामा ओरडले आणि त्यांनी माझा हात धरला. मशीन सुरू झालं असतं तर ती किल्ली गोळीसारखी उडाली असती. मला लागली असती, नाहीतर शेजारच्याला.

मी "सॉरी मामा" म्हणून किल्ली काढली आणि पुन्हा लिव्हरकडे वळले. मामा म्हणाले, "असं नाय. जॉब काढ. पहिल्यापासून लाव." मला रागच आला. मागे रांग, सगळे बघतायत! जॉब अर्धवट राहिला, मार्क गेले ते वेगळेच.

तो राग गेला यंदा, सेमिनारसाठी विमान-अपघातांवर वाचताना.

२७ मे २०१०. डार्विनहून सिंगापूरला येणारं जेटस्टारचं एअरबस ए-३२१. विमान को-पायलट उडवत होता. त्याच्यावर लक्ष ठेवणं, चेकलिस्ट पुरी करणं हे कॅप्टनचं काम. जमीन दोन-अडीच हजार फुटांवर असताना कॅप्टनच्या मोबाइलवर मेसेज वाजू लागले आणि तो फोन बंद करण्यात गुंतला. हजार फुटांवर आले तरी चाकं आतच, चेकलिस्ट बाकी, आणि दोघांच्याही लक्षात नाही! ७२० फुटांवर धोक्याची सूचना वाजली. कॅप्टनने चाकांचा लिव्हर ओढला, पण को-पायलटच्या मनात परत वर जायचं होतं. गोंधळ झाला. शेवटी ३९२ फुटांवरून विमान वर नेलं, फेरी मारली आणि दुसऱ्या खेपेला सुखरूप उतरवलं.

विमानात नियमच आहे. ठराविक उंचीवर, ढगाळ हवेत साधारण १००० फूट आणि स्वच्छ हवेत ५०० फूट, वेग, चाकं, फ्लॅप, चेकलिस्ट सगळं जागच्या जागी पाहिजे. नसेल तर अॅप्रोच 'अनस्टेबल'. मग दुरुस्त्या करत खाली जायचं नाही. गो-अराउंड!

याच्या पाचच दिवस आधी, २२ मेला, दुबईहून मंगळूरला येणारं एअर इंडिया एक्स्प्रेसचं विमान फार उंचावरून आणि फार वेगात उतरत होतं. कॅप्टन वाटेत दीड तासाहून जास्त झोपला होता. को-पायलटने तीन वेळा गो-अराउंड सुचवलं. कॅप्टन उतरवतच राहिला. टेकडीवरची धावपट्टी संपली, विमान दरीत कोसळलं. १६६ पैकी १५८ माणसं गेली.

लक्ष दोन्हीकडे उडालं होतं. ते कुणाचंही उडतं. फरक एवढाच की एक विमान परत वर गेलं.

त्या कॅप्टनने का ऐकलं नसेल? मला वाटतं, थोडंसं कळतं. धावपट्टी समोर दिसत असते, आता एवढ्यासाठी परत कशाला! आणि चूक झाली हे सगळ्यांदेखत कबूल करायचं. मी किल्ली काढून लगेच लिव्हरकडे वळले ना, तेच हे. किल्लीशिवाय आणखी काय राहिलंय, जॉब नीट आवळलाय का, हे मी बघितलंच नव्हतं.

सेमिनार मराठीतून समजावून सांगताना 'गो-अराउंड'ला शब्द सुचेना. कॉन्व्हेंटवाली ना मी! मग आठवलं, तो शब्द मामांनी आधीच दिला होता. पहिल्यापासून.

परवा मुद्दाम मामांना हे सगळं सांगायला गेले. त्यांनी शांतपणे ऐकलं आणि म्हणाले, "विमानाचं मला काय कळत नाय. मोबाइल कुठाय तुझा?"

होस्टेलवर ठेवून गेले होते!