सूळ आणि विजेची खुर्ची

स्टीफन किंग यांची 'द ग्रीन माइल' ही कादंबरी १९९६ साली मार्च ते ऑगस्ट अशी सहा भागांत निघाली. काळ १९३२ चा, जागा अमेरिकेच्या दक्षिणेकडच्या एका राज्यातल्या तुरुंगातला फाशीच्या कैद्यांचा कक्ष. कोठड्यांपासून विजेच्या खुर्चीकडे जाणाऱ्या वाटेवर हिरव्या लिंबाच्या रंगाची फरशी आहे, तिच्यावरूनच कादंबरीला नाव पडले. कक्षात जॉन कॉफी नावाचा धिप्पाड कृष्णवर्णीय कैदी येतो. दोन लहान मुलींच्या खुनाचा आळ त्याच्यावर आहे. प्रत्यक्षात त्याच्या हाताला गुण आहे: दुसऱ्याचे दुखणे तो स्वतःत ओढून घेतो आणि मग काळ्या किड्यांच्या थव्यासारखे तोंडावाटे बाहेर टाकतो.

परभणी जिल्ह्यातल्या गंगाखेडच्या वाचकाला यातले निम्मे लहानपणापासून ठाऊक असते. गोदाकाठचे हे गाव संत जनाबाईंचे. त्या दामा आणि करुंड यांच्या पोटी जन्मल्या आणि पंढरपुरात नामदेवांच्या घरी दासी म्हणून वाढल्या. विठ्ठल त्यांच्याबरोबर दळायला बसे, ही कथा मराठवाड्यातल्या बायकांनी जात्यावरच्या ओव्यांतून जपली आहे. आख्यायिका अशी: एका पहाटे देव घाईने देवळात परतला, जाताना जनीची वाकळ पांघरून गेला आणि आपले रत्नजडित पदक तिच्या खोपटात विसरला. काकडआरतीला पदक सापडेना. शोध घेतला तर ते दासीच्या घरात निघाले. चंद्रभागेच्या वाळवंटात तिच्यासाठी सूळ रोवला गेला आणि त्या सुळाचे पाणी झाले.

दोन्ही कथांचा गाभा एकच आहे, आणि तो चमत्काराहून दाहक आहे. देव घरी येऊन गेला याची खूण असलेले पदकच जनाबाईंवरच्या आरोपाचा मुद्देमाल ठरते. जॉन सापडतो तेव्हा दोन्ही मुली त्याच्या कवेत असतात, तो ढसाढसा रडत असतो. त्यांना वाचवायला तो धावलेला असतो. उशीर झालेला असतो. लोक त्या कवेलाच पुरावा मानतात. एक दासी, एक काळा मजूर. संशयाला एवढे पुरते. साक्षीदार कोणी विचारीत नाही.

पुढे मात्र वाटा फुटतात. आख्यायिकेत शिक्षाच विरघळते. कादंबरीत पहाऱ्यावरचा पॉल एजकोम्ब जॉनच्या स्पर्शाने बरा होतो, तुरुंगाधिकाऱ्याच्या बायकोच्या मेंदूतली गाठ जाते, तरी शिक्षा आहे तिथेच राहते. चमत्कार न्यायालयात साक्ष देऊ शकत नाही. शिवाय जगाचे दुखणे सोसून थकलेला जॉन स्वतःच जायला तयार असतो. किंगची खरी ताकद इथे आहे. सूळ रोवणाऱ्यांच्या मनात काय चालले होते, हे आख्यायिका सांगत नाही, भक्तिकथेला त्याची गरजही नाही. कादंबरी मात्र त्याच माणसांजवळ थांबते: निर्दोष आहे हे माहीत असून जॉनला खुर्चीला बांधणारे पहारेकरी, त्यांची ठरलेली कामे, डोक्यावरच्या टोपीत ठेवायचा ओला स्पंज. जॉनच्या स्पर्शातून पॉलला लांबलचक आयुष्य मिळते. एकशेचार वर्षांचा होऊन वृद्धाश्रमात तो हे सारे लिहून काढतो, तेव्हा त्याच्या बरोबरीची बहुतेक माणसे गेलेली असतात.