निगोंबोच्या वाळूतला साबुदाणा

श्रीलंकेच्या धम्मयात्रेला जाणारे आपले उपासक-उपासिका कटुनायके विमानतळावर उतरतात आणि थेट अनुराधपूर नाहीतर कँडीचा रस्ता धरतात. १९५० साली बाबासाहेब जागतिक बौद्ध परिषदेसाठी कँडीला गेले होते, त्यामुळे त्या गावाची ओढ साहजिकच. विमानतळाला लागूनच असलेले निगोंबो मात्र राहून जाते.

निगोंबो हे कोळ्यांचे गाव. वस्ती बहुतांश ख्रिस्ती. किनाऱ्यावर काथ्याच्या चटया अंथरून मासळी वाळत घातलेली असते आणि ती उलटीपालटी करायला बायाबापे भर उन्हात वाकलेली दिसतात. हातावर पोट. समुद्र बंद, तर चूल बंद.

२०२१ च्या मे महिन्यात तेच झाले. ‘एक्स-प्रेस पर्ल’ हे सिंगापूरचे नवेकोरे मालवाहू जहाज कोलंबोसमोर पेटले. त्यातल्या एका कंटेनरमधून नायट्रिक ॲसिड गळत होते, हे खलाशांना आठ-नऊ दिवस आधीच कळले होते. कतारच्या हमाद बंदरात आणि आपल्या गुजरातच्या हजिरा बंदरात तो कंटेनर उतरवून घ्या म्हणून विनंती झाली. दोन्हीकडून नकार आला. मग तोच माल घेऊन जहाज कोलंबोला आले. आग विझवायला भारतीय तटरक्षक दलाची जहाजे धावली, हे खरेच मोलाचे. पण शेजारधर्म हजिऱ्यातच पाळला असता तर?

जहाजात सुमारे १,६८० टन प्लॅस्टिकचे दाणे होते. बादल्या, खुर्च्या, पिशव्या करण्याचा हा कच्चा माल. दिसायला थेट साबुदाणा! जहाज पेटले आणि हे दाणे लाटांबरोबर निगोंबोपर्यंत पसरले. किनारा बर्फ पडल्यासारखा पांढरा झाला. सैनिकांनी फावड्यांनी ओढून, चाळणीने चाळून वाळू साफ केली, तरी दाणे खोल रुतलेलेच. मेलेली कासवे शेकड्यांनी किनाऱ्याला लागली. मासेमारीवर बंदी आली, आणि जी मासळी बाजारात होती तिला गिऱ्हाईक मिळेना.

आता भरपाईचे ऐका. जहाजमालकाने किती पैसे द्यायचे याची कमाल मर्यादा आंतरराष्ट्रीय करारानुसार जहाजाच्या आकारमानावर ठरते. किती घरे उपाशी राहिली, यावर नाही! लंडनच्या न्यायालयाने २०२३ मध्ये ही मर्यादा सुमारे १ कोटी ९० लाख पौंड ठरवली. हा करार दर्यावर राबणाऱ्यांनी लिहिलेला नाही, हे सांगायला वकील कशाला हवा?

जुलै २०२५ मध्ये श्रीलंकेच्या सर्वोच्च न्यायालयाने १०० कोटी डॉलर भरण्याचा आदेश दिला. ऑगस्टमध्ये जिनिव्हाला प्लॅस्टिक प्रदूषणाविरुद्ध जागतिक करार करण्यासाठी देश जमले आणि एकमत न होताच उठले. सप्टेंबरात जहाज कंपनीने ती रक्कम भरण्यास नकार दिला.